म्हातारीचे नवे स्पीकर

भीती वाटायला मला फार काही लागत नाही. पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढते आणि तिथून पालीलाच शिव्या घालते. पण आमच्या व्हॅनमधल्या स्टीरिओची जी धास्ती मी घेतली, तशी जन्मात कशाची घेतली नव्हती. हसू येत असेल तर हसा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमचे हे शाळेची व्हॅन चालवायचे. गाडी इतकी जुनी की तिला आम्ही म्हातारीच म्हणायचो. हे स्टीअरिंगवर आणि मी शेजारी. दार उघडायचं, पोरं चढवायची, उतरवायची, मारामाऱ्या सोडवायच्या, हे माझं काम. मुलं ह्यांना व्हॅनकाका म्हणायची आणि मला मावशी. काकांची बायको मावशी कशी, हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाच पोरीनं विचारला. पहिलीतली, डोक्यावर दोन शेंड्या, आणि दिवसभर नुसतं का, कसं, कुठे. तिचं नाव आम्ही चौकशी ठेवलं होतं. ती आजीबरोबर राहायची आणि सगळ्यांत शेवटी उतरायची.

व्हॅनच्या आधी ह्यांनी ऐन उमेदीची वर्षं मागाच्या कारखान्यात घालवली. एका छपराखाली माणसांपेक्षा माग जास्त आणि धोट्यांची खटाखट अशी की ओरडून घसा फुटला तरी शेजारच्याला कळणार नाही. म्हणून तिथे माणसं ओठांनी बोलायची. आवाज काढायचाच नाही, ओठ मोठे हलवायचे, आणि समोरच्यानं ते वाचायचं. मीसुद्धा थोडे दिवस तिथे होते, बाजूच्या खोलीत सुताच्या कांड्या भरायला. ह्यांनी मला लग्नाचं विचारलं ते दोन मागांच्या मधून. मला ते ऐकू आलं नाही, दिसलं. मी तशीच, आवाज न काढता म्हटलं, "घरी येऊन विचारा, इथे चोरून काय?" निम्म्या कारखान्यानं ते वाचलं आणि टाळ्या पिटल्या. मेल्यांना काम नव्हतं दुसरं.

पुढे कारखाना बंद पडला आणि हे म्हातारीला घेऊन आले. तेव्हा ती म्हातारी नव्हती, अधेडच होती. गाणी ह्यांचा जीव. रेडिओ लागल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. पोरं चढली की हे आरसा नीट करायचे. त्यांनी मध्यंतरी आत एक भलामोठा आरसा बसवून घेतला होता, ह्या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. "मुलांवर लक्ष राहतं," म्हणाले. पालकांना फार आवडला तो आरसा. मलाही आवडला.

सुरुवात अशी झाली. एक दिवस हे म्हणाले, "अगं, रेडिओ गेला आपला."

"चांगला वाजतोय की!"

"वाजतोय, पण शब्द कुठे कळतात? गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं."

मला तर स्पष्ट ऐकू येत होतं. पण नवरा एखाद्या गोष्टीवर अडला की पालथ्या घड्यावर पाणी. गेलो टेस्टरकडे. टेस्टर म्हणजे गाड्यांची वायरिंग करणारा आमच्या ओळखीचा माणूस. कानामागे सदानकदा टेस्टर खोचलेला, म्हणून ते नाव. त्यानं दाराचं कव्हर उघडलं आणि आत बोट घातलं.

"वहिनी, हे बघा. स्पीकरचा कागद फाटलाय आणि दार आतून डब्यासारखं पोकळ आहे. नवा संच घ्यायची काही गरज नाही. भंगारात गेलेल्या गाडीचे चांगले स्पीकर आणतो, दाराला आतून डांबराची चिकट शीट लावतो. पत्रा थरथरायचा बंद झाला की निम्मं काम झालं. वायरिंग गाडीचंच ठेवू."

माणूस प्रामाणिक. विकायला बसलेला असून घेऊ नका सांगत होता. मी लगेच हो म्हटलं.

काम झाल्यावर टेस्टरची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं आणि आवाज एकेका स्पीकरमधून सोडून विचारायचं, आता कुठून येतोय? डावा पुढचा? उजवा मागचा? ह्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. उत्तर देताना मात्र टेस्टरच्या बोटांकडे टक लावून बघत होते, परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघावा तसे. मला तेव्हा गंमत वाटली. बटण कुठे फिरतंय ते बघतात, शिकतात, असं वाटलं.

आवाज काय सुंदर आला होता! मी स्वतः गुणगुणायला लागले, आणि माझं गाणं म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर. हे गाडी घेऊन घरी आले. उतरताना हळूच म्हणाले, "तसंच आहे गं."

"काय तसंच आहे?"

"काही नाही. छान झालंय."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, ऊन लागलं.

महिनाही गेला नसेल, हे एकटेच टेस्टरकडे जाऊन आले. आता पुढे नवं डबडं, म्हणजे निळा पडदा असलेला स्टीरिओ, तोही कुठल्याशा गाडीतून काढलेला. पडद्यावर गाण्याबरोबर वरखाली नाचणाऱ्या पट्ट्या. आणि माझ्या सीटखाली एक ॲम्प्लिफायर. मी टेस्टरला जाऊन झापलं, "तूच म्हणाला होतास ना, गरज नाही?"

"वहिनी, मी चार वेळा नको म्हटलं. काका म्हणाले, आवाज मोठा पाहिजे. नुसता मोठा. स्वस्तात केलंय, जुन्या मालात." मग मला एक सांगून ठेवलं, "ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला तर घाबरू नका. समोरचं डबडं चालू दिसेल, पट्ट्यासुद्धा नाचतील, पण आवाज येणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे, या माझ्याकडे."

त्या दिवसापासून व्हॅनमध्ये काय धुडगूस! पहिले दोन दिवस पोरं खूश. मग मोठी पोरं डोकं दुखतं म्हणायला लागली. चौकशीनं तर कानात बोटं घालून विचारलं, "मावशी, काका आपल्यावर रागावलेत का?" एका मुलाच्या आईनं मला फाटकाशी गाठून सुनावलं. मी ह्यांना सांगितलं. हे हसले, आवाज थोडा कमी केला आणि वळण आलं की परत वाढवला.

मग ती अग्निशमनची गाडी. भर चौकात आमच्या मागे येऊन उभी राहिली, घंटा वाजवतेय, भोंगा वाजवतेय, आणि हे आपले रस्त्याच्या मधोमध निवांत. मी दंडाला गच्च धरून हलवलं तेव्हा दचकून आरशात बघितलं आणि गाडी एवढ्या जोरात बाजूला घेतली की पोरं एकमेकांवर पडली. माझी तर पाचावर धारण बसली. कुठेतरी कुणाचं घर जळत होतं आणि आम्ही गाणी ऐकत होतो.

"काढून टाका तो भोंगा!" मी घरी आल्या आल्या ओरडले. "एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव घ्याल!"

"आवाज मोठा होता म्हणून ऐकू नाही आलं," हे म्हणाले. "इतकंच."

ते "इतकंच" ज्या सुरात म्हणाले ना, त्यानं मला आणखी भीती वाटली. माणूस ओरडा खाल्ल्यावर चिडतो, नाहीतर गप्प बसतो. ह्यांना सुटल्यासारखं झालेलं दिसत होतं.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडणार कसा? आतल्या खोलीतून हाक मारली की हे ओ देत नाहीत, पण कुठल्या बाईचा नवरा देतो? मी मैत्रिणींना विचारलं, एकीचाही देत नाही. समोर बसलं की सगळं बोलायचे, हसायचे, टोमण्याला टोमणा द्यायचे. संसार असाच असतो असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी सकाळची खेप. पोरं नेहमीसारखी कलकलाट करत होती. अर्ध्या रस्त्यात मला जाणवलं की आज माझ्या बुडाखालचा धडधडाट नाही. सीट गप्प. दाराला कान लावला, दार गप्प. फ्यूज उडाला वाटतं. बरं झालं, पीडा गेली, असं मनात म्हणत मी ह्यांच्याकडे वळले.

हे स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरत होते.

मान डोलत होती. नजर मधूनमधून निळ्या पडद्यावर जात होती. तिथे पट्ट्या नाचत होत्या, वरखाली, वरखाली, आणि ह्यांची बोटं त्या पट्ट्यांबरोबर स्टीअरिंगवर पडत होती. गाणं नव्हतंच. एक सूर नव्हता गाडीत. आणि हा माणूस सुखानं गाणं ऐकत होता.

मागे पोरं भांडत होती, कुणाची तरी पट्टी कुणीतरी मोडली होती. हे आरशात बघून म्हणाले, "अरे, दे त्याला तुझी पट्टी." तेव्हा मला तो आरसा कळला. इतकी वर्षं हे पोरांवर लक्ष ठेवत नव्हते, कळत नकळत पोरांचे ओठ वाचत होते. मागावर वाचायचे तसे.

घरी आल्यावर मी चहा केला. समोर बसले, कप तोंडासमोर धरला, ओठ दिसणार नाहीत असा, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "अहो, घर पेटलंय."

ह्यांनी मान हलवली आणि गोड हसले. "हो, चांगला झालाय. साखर बेताची आहे."

चहा माझ्या हातावर सांडला. भाजलंसुद्धा, पण ते नंतर कळलं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रोज जगाला तोंडावर बोलणारी बाई, उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप. व्हॅन गेली तर हा माणूस काय करेल ही एक भीती. नाही गेली तर त्या पोरांचं काय ही दुसरी. दोन्हींच्या मधे मी बसले होते आणि घड्याळ पुढे जात होतं. शाळा सुटायची वेळ झाली. मी स्वतःला सांगितलं, एवढी खेप होऊ दे, मी डोळ्यांत तेल घालून बसते, संध्याकाळी सांगते. स्वतःला काय, काहीही सांगता येतं.

दुपारी मी प्रत्येक वळणावर ह्यांच्या दंडाला धरून बसले होते. "काय गं आज?" हे म्हणाले. मी समोर रस्त्याकडे बोट केलं. पट्ट्या नाचतच होत्या. एकेक पोर उतरलं, एकेकाबरोबर माझा श्वास थोडा खाली बसला. शेवटी राहिली चौकशी.

तिची गल्ली आंधळी. गाडी आत जाते, पण वळत नाही. मी तिला फाटकाशी उतरवायची, मागचं दार ढकलून लावायची, की हे गाडी उलटी बाहेर घ्यायचे आणि मी चालत गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन चढायची. वर्षानुवर्षं असंच. मला वाटायचं, मी "चला" म्हणते ते ऐकून हे निघतात. त्यांना "चला" कधीच पोचलं नसणार. दार आपटल्याचा हिसका पाठीला लागला की ते निघायचे.

मी दार आपटलं. चौकशीच्या गळ्यातली पाण्याची बाटली सुटली. गल्लीला उतार. बाटली गडगडत गाडीच्या मागे गेली आणि पोरगी तिच्या मागे.

"थांबा!" मी किंचाळले. "अहो, थांबा! थांबा!"

गाडी मागे सरकली. हे उजवीकडच्या आरशात बघत होते, मी आणि पोरगी डावीकडे. मी जीव खाऊन ओरडले. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं, सगळ्या जगाला ऐकू गेलं. आणि तीन हातांवर बसलेला माझा नवरा गाडी मागे घेत होता.

मग कसं कोण जाणे, माझे हात उठले. दोन्ही पंजांनी मी गाडीचा पत्रा बडवला, मोगरीनं कपडे बडवावेत तसा. पत्रा थरथरला. ब्रेक लागला.

मागच्या चाकाखाली बाटलीचा चपटा तुकडा झाला होता. चौकशी चाकाच्या बाजूला उकिडवी बसली होती, हात पुढे केलेला. तिच्या शेंडीला गाडीची धूळ लागली होती. एवढंच. मी तिला उचललं आणि ती मला घट्ट चिकटली. तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं. की माझंच, कोण जाणे.

हे खाली उतरले, बाटली बघितली, पोरीकडे बघितलं आणि गाडीला धरून उभे राहिले. तेवढ्यात आजी फाटकातून धावत आल्या. इंजिन चालूच होतं. आल्या त्या ह्यांच्यावरच.

"ऐकू कसं येणार तुम्हाला? रोज तो गाण्यांचा गोंगाट! बाई कधीची बोंबलतेय! बंद करा आधी तो आवाज!"

हे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. घाईघाईनं आत वाकले आणि स्टीरिओचं बटण खाली, अगदी खाली फिरवलं. "केला, केला बंद. चुकलं माझं. आवाज मोठा होता, म्हणून ऐकू नाही आलं."

"बघा! मी म्हणत नव्हते!" आजी म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं होतं. त्यांना कारण सापडलं होतं. आता उद्यापासून आवाज कमी, आणि सगळं पहिल्यासारखं. मी गप्प बसले असते तर खरंच पहिल्यासारखं झालं असतं.

माझ्या खांद्यावरून चौकशीनं मान वर काढली. "पण आजी, गाणं कुठे लागलं होतं? आज सकाळपासून गाणं नव्हतंच. काका नुसतेच डोलत होते. का हो काका?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं. पोरगी काय म्हणाली ते त्यांना कळलं नव्हतं, तिचं तोंड आजीकडे होतं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, कारखान्यात बघायचे तसे.

मी आवाज काढला नाही. ओठ मोठे हलवून म्हटलं, "किल्ली द्या."

त्यांनी वाचलं. मग आत हात घालून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या भाजलेल्या हातावर ठेवली.

म्हातारी तिथेच राहिली. टेस्टरला निरोप गेला, तो येऊन नेणार होता. आजी पोरीला घेऊन आत गेल्या, फाटकाला आतून कडी घातली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आम्ही दोघं फाटकाच्या पायरीवर बसलो. हे माझ्याकडे वळले.

"खरंच बंद होतं?"

"सकाळपासून," मी त्यांच्याकडे बघून म्हटलं.

"पट्ट्या तर नाचत होत्या."

मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. "ऐकू येईना आणि म्हणे स्पीकर वाकडा! कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"आधी खरंच वाटलं, रेडिओ खराब आहे. देवाशप्पथ." ते आपल्या हातांकडे बघत बोलत होते. "नवे स्पीकर बसवले, तू गुणगुणायला लागलीस. तुझे ओठ दिसत होते. आणि मला तसंच, गोधडीत. तेव्हा कळलं. घाबरलो गं. इतका घाबरलो की रात्र रात्र झोप लागली नाही."

"मग ते मोठं डबडं कशाला आणलंत?"

"गाणं मोठं असलं की लोक गाण्याला नावं ठेवतात. बहिरा कुणी म्हणत नाही."

मी डोळे पुसले. गल्लीच्या तोंडाशी टेस्टर येताना दिसला, कानामागे टेस्टर, हातात हत्यारांची पिशवी. उद्या सकाळी शाळेच्या रस्त्यावर ती सगळी पोरं दप्तरं घेऊन उभी राहणार होती आणि त्यांना काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली मागितली असतीस."

"मागितलीच ना शेवटी," मी टेस्टरकडे बघत म्हणाले.

हे माझ्या उत्तराची वाट बघत बसले. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तोंड त्यांच्याकडे वळवून पुन्हा म्हणाले.